न उघडायची पट्टी

दयाराम इंगळे यांच्या सेवापुस्तकात त्यांचा हुद्दा ‘व्रणोपचारक’ असा नोंदवलेला आहे. हा शब्द ज्या कोणी घडवला, त्याने आयुष्यात एकही जखम धुतलेली नसावी. साखरखेर्ड्यात आणि आसपासच्या गावांत त्यांना ‘पट्टीवाले’ एवढेच म्हणत, आणि तेच नाव त्यांच्या कामाला शोभणारे होते. एका आरोग्य केंद्राच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षे लोकांच्या जखमा धुतल्या. शासनाने हुद्द्याला भारदस्त नाव दिले, परंतु कापूस आणि जाळीचे कापड मात्र वेळेवर दिले नाही. तुटवड्याच्या महिन्यांत त्यांच्या पत्नी केसरबाई यांची जुनी लुगडी उकळून, उन्हात वाळवून आणि हातभर फाडून तयार केलेल्या पट्ट्या त्या खोलीत वापरल्या गेल्या. सेवापुस्तकात याची नोंद नाही. व्हायचीही नव्हती.

त्यांच्या कामाची रीत ठरलेली होती. जखम कोणतीही असो, आधी भिजवायची, मग पुसायची, आणि लाल टिपके दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही. पिवळे, पांढरे, बुळबुळीत असे जे जे दिसेल ते सारे शत्रुपक्षाचे मानायचे. माणूस ओरडला की ते खूश होत. “ओरडला म्हंजे मांस जित्तं हाये,” असे म्हणून ते पुढचा बोळा उचलीत. या रीतीने त्यांनी शेकडो पाय वाचवले, असे गाव म्हणत असे. तेही तसेच मानीत, पण एका पायाचा अपवाद वगळून.

तो पाय सोजराबाईंचा. सोजराबाई त्यांच्याच गल्लीत तीन घरे पलीकडे राहतात. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या टाचेला मधुमेहाची जखम झाली होती. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना पट्टी बांधली गेली आणि चिठ्ठीवर लिहून आले : दहा दिवस उघडू नये. दयारामांनी ती चिठ्ठी वाचली आणि पाळली. खालच्या माणसाने वरच्या माणसाचे लेखी पाळायचे असते, हे खात्याने त्यांना पहिल्या वर्षीच शिकवले होते. नवव्या दिवशी वास खोलीभर पसरला, तेव्हा त्यांनी कात्री लावली. आत टाच काळी पडली होती. पुढे गुडघ्याखालून पाय काढावा लागला. चिठ्ठी लिहिणाऱ्याला कोणी काही विचारले नाही, कारण विचारण्याची सोय कुठे असते हे कोणालाच ठाऊक नव्हते. सोजराबाईंनी मात्र पंधरा वर्षे दयारामांनाच बोल लावला. “तुमचा हात होता, कात्री होती, अन् डोये नव्हते?” असे त्या भर रस्त्यात विचारीत. तेव्हापासून दयारामांच्या रीतीत एक नियम आणखी वाढला : झाकलेले सडते.

अशा माणसाच्या स्वतःच्या तळव्याला जखम झाली.

झाली तीही हसू यावे अशा कारणाने. लोणारला एका नातेवाइकाच्या घरी लग्न होते. दयाराम नवे बूट घालून दिवसभर मांडवात उभे राहिले. संध्याकाळी घरी येऊन बूट काढले, तर उजव्या बुटातून एक चिंचोका खाली पडला आणि मोजा लाल झालेला दिसला. एवढा टणक चिंचोका दिवसभर अंगठ्याच्या मुळाशी रुतत राहिला, आणि ज्याचा पाय होता त्याला त्याची खबरही नव्हती. चौदा वर्षांच्या साखरेने पायांतली जाणीव नेली होती. ती गेली आहे याची जाणीवही सोबतच गेली होती.

सहा महिने त्यांनी स्वतःच पट्टी केली. केसरबाई आरसा धरीत आणि ते त्यात पाहून पुसत. पण हे पुसणे त्यांना गोंधळात टाकी. रक्त येई; वेदना येत नसे. एकतीस वर्षे ज्या ओरडण्यावरून त्यांनी जिवंत आणि मेलेले ओळखले, ते ओरडणे स्वतःच्या तोंडून निघत नव्हते. एकदा तर त्यांनी आपले समाधान व्हावे म्हणून उगाच “आई गं” म्हणून पाहिले. केसरबाईंनी आरसा खाली ठेवला.

“दुखलं का?”

“नाई.”

“मंग काऊन वरडता? माह्या काळजाचं पानी झालं नं!”

सातव्या महिन्यात जखम सव्वा इंच झाली आणि केसरबाईंनी त्यांना बुलडाण्याच्या बसमध्ये बसवले. तिथे पायाच्या जखमांचा एक छोटा खाजगी दवाखाना होता. डॉक्टर अर्पिता यांचे वय दयारामांच्या नोकरीच्या वर्षांहून थोडेसेच जास्त असावे. त्यांनी एका यंत्राने पायातल्या नाडीचा आवाज ऐकवला, हाडाचे चित्र काढले, जखमेच्या कडा तासल्या, मोजपट्टीने लांबीरुंदी मोजली आणि सांगितले की रक्त पोहोचते आहे, हाड शाबूत आहे, पण जखम आपणहून भरायचे विसरली आहे.

“विसरली म्हंजे?” दयारामांनी विचारले.

“म्हणजे तिला आठवण करून द्यायची. ही बघा काका, तयार त्वचा.” चिमट्यात धरलेला तो पापुद्रा लाटलेल्या पापडाएवढा पातळ होता. “माशाच्या कातडीपासून करतात. त्यातलं सगळं काढून टाकतात, फक्त जाळी ठेवतात. तुमची नवी कातडी या जाळीवर चढेल, मांडवावर दोडक्याचा वेल चढतो ना, तशी. वेल चढला की मांडव विरघळून जातो.”

“मंग शेवटी कातडी कोणाची म्हनायची? मासोळीची का माही?”

“तुमचीच.”

दयारामांनी मान हलवली. त्यांना उत्तर कळले होते, पण पटले नव्हते. बाहेरचे जे काही जखमेत जाते ते काढायचे असते, एवढे त्यांना माहीत होते. काच, काटा, माती, चिंचोका. आणि ही शिकलेली मुलगी बाहेरचे आत ठेवून वरून पट्टी बांधत होती.

“आठ दिवस उघडायची नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पायावर भार टाकायचा नाही. ताप आला, लाली वर चढली, तर लगेच फोन. आणि आतमध्ये...” इथे त्यांचे लक्ष केसपेपरवरच्या व्यवसायाच्या रकान्याकडे गेले. “अरे, तुम्ही ड्रेसर होता? एकतीस वर्षं? मग तुम्हाला मी काय सांगणार! तुम्ही तर आमचे गुरुजी.”

दयारामांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर इतक्या मानाने त्यांच्याशी कोणी बोलले नव्हते. मात्र त्या मानाच्या एका वाक्यात माहितीची पुढची वाक्ये गिळली गेली. राहिलेली माहिती एका गुळगुळीत कागदावर छापलेली होती, आणि तो कागद इंग्रजीत होता. ज्यांचे पाय जातात त्यांना इंग्रजी येते, असा काहीतरी समज ते कागद छापणाऱ्यांचा असावा. दयारामांनी कागदाची व्यवस्थित चौघडी करून खिशात ठेवली.

गावात बातमी त्यांच्याआधी पोहोचली होती. शेजारचे इंद्रभान भाजीपाला पिकवतात आणि वांग्यांइतक्याच सहजतेने टोमणेही पिकवतात. ते ओसरीवर येऊन बसले.

“काहो दयारामभाऊ, मासोळी लावली म्हंते पायाले?”

“हाव.”

“मंग आता पाय पान्यात नका ठेवू. पोहत जाईन लोणारले.”

“लोणारच्या खाऱ्या पान्यात मासोळी जगत नाई, इंद्रभान.”

“मंग तं तुमचा पाय वाचला म्हना!” असे म्हणून ते स्वतःच हसले, आणि जाताना गंभीर होऊन म्हणाले, “पन भाऊ, आठ दिवस? तुमी उघडल्याबिगर राहसान?”

दयाराम राहिले. पहिला दिवस राहिले, दुसरा राहिले, चौथाही राहिले. पाचव्या दिवशी सकाळी त्यांना वास आला. वासाच्या बाबतीत त्यांचे नाक कधी चुकत नसे, निदान ते तसे मानीत. त्यांनी पाय मांडीवर घेतला. पांढऱ्या पट्टीवर तळव्याच्या बाजूने रुपयाएवढा पिवळा डाग उमटला होता. त्या डागाकडे पाहताना त्यांना सोजराबाईंची टाच दिसली, खोलीभर पसरलेला तो वास आठवला, आणि ‘उघडू नये’ लिहिणाऱ्याचे वळणदार अक्षरही आठवले. वरच्या माणसाचे लेखी पाळून त्यांनी एकदा एक पाय घालवला होता. आता पाय स्वतःचा होता. डॉक्टरांनी सांगितले होते की लाली चढली तर फोन करा. पण लाली वर चढेपर्यंत थांबायचे, की चढू नये म्हणून आधीच पाहायचे? त्यांच्या डोक्यात दोन्ही बाजू सारख्याच शहाण्या वाटत होत्या, आणि म्हणून दोन्ही वेड्याही.

बाजाराचा दिवस होता. केसरबाई पिशवी घेऊन गेल्या. दयारामांनी फळीवरून आपली पत्र्याची पेटी काढली. पेटीत कात्री, दोन चिमटे आणि उकळून ठेवलेले बोळे असत. त्यांनी तांब्याला टेकवून आरसा उभा केला, हात कोपरापर्यंत धुतले आणि पट्टी कापली.

आत तेच होते, जे असेल अशी त्यांना खात्री होती. पिवळट, बुळबुळीत, किंचित वास मारणारा थर. जखमेच्या तोंडावर तो साचून बसला होता. एकतीस वर्षांत असे त्यांनी किती पाहिले होते! क्षणभर त्यांना बरेच वाटले. आपण बरोबर होतो. नाकाने दगा दिला नव्हता. मग हाताने आपले काम सुरू केले. बोळा भिजला, पुसला गेला, दुसरा भिजला. थर मात्र सुटता सुटेना. पू असा धरून बसत नाही, हे त्यांच्या हाताला जाणवले. पण हात थांबला नाही, कारण हाताला थांबणे कधी शिकवलेच नव्हते. अखेरीस चिमट्याने कड उचलली आणि तो थर अख्खाच्या अख्खा, दुधावरची साय निघावी तसा निघून आला. खाली लालभडक जमीन दिसली. जागोजाग रक्ताचे टिपके फुटले.

दयाराम समाधानाने मागे टेकले. आणि मग त्यांनी चिमट्यातल्या त्या सायीकडे पाहिले. तिच्या एका कडेला गुलाबीसर, मोत्यासारखी चमकणारी दोऱ्याएवढी किनार होती. अशी किनार त्यांनी आयुष्यात असंख्य वेळा पाहिली होती, भरत आलेल्या जखमांच्या काठावर. पुवाला किनार नसते.

केसरबाई परतल्या तेव्हा ते तसेच बसले होते आणि समोर स्टीलच्या डब्यात तो थर ठेवला होता.

“हे काय हाये?” केसरबाईंनी विचारले.

“तेच मले समजून नाई राह्यलं,” दयाराम म्हणाले. “पू हाये का कातडी हाये.”

दुसऱ्या दिवशी तो डबा बुलडाण्याला गेला. डॉक्टर अर्पितांनी झाकण उघडले आणि आत पाहिले.

“काका, हे काय केलंत?”

“पू होता, मॅडम.”

“पू नव्हता. ती जाळी अशीच पिवळी होते, मऊ होते, वासही येतो. मांडव होता तो. तुम्ही वेलासकट उपटलात.”

“हे तुमी सांगतलं नाई.”

“कागदावर...” असे म्हणून त्या थांबल्या. दयारामांनी खिशातून चौघडी काढून टेबलावर ठेवली. ती अजून तशीच कोरी करकरीत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. “नाही सांगितलं,” त्या म्हणाल्या. “चुकलंच माझं. तुम्हाला माहीत असेल असं धरून चालले.”

आपली चूक कबूल करणारा डॉक्टर दयारामांनी नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी दुसरेच विचारले.

“मंग एकतीस वर्सं मी काय पुसलं? तोबी असाच दिसे. पिवळा, बुळबुळीत.”

“तेव्हा पूच पुसलात. तुम्ही बरोबर होता.”

“कशावरून?”

“तेव्हा त्यावर कोणी काही लावलेलं नव्हतं.”

हे उत्तर बरोबर होते, आणि तरीही दयारामांच्या मनात ते कुठे बसेना. एकाच रंगाची, एकाच वासाची वस्तू एका पायावर शत्रू आणि दुसऱ्या पायावर मित्र असेल, तर मग डोळ्यांनी पाहायचे तरी काय?

डॉक्टरांनी दुसरा पापुद्रा लावला. हा शेवटचा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. याने जखम आवरली नाही तर आत शिरायला तिला वेळ लागणार नाही, आणि मग पायाचा पुढचा अर्धा भाग काढावा लागेल. या वेळी त्यांनी सगळे मराठीत सांगितले, दोनदा सांगितले आणि दयारामांकडून वदवून घेतले. शेवटी पट्टीच्या शेवटच्या वेढ्यावर, अर्धी या पदरावर आणि अर्धी त्या पदरावर पडेल अशी, निळ्या पेनाने सही केली.

“हे काऊन?”

“उघडली तर मला कळेल.”

दयारामांना मतदानाच्या पेटीवरचे सील आठवले. निवडणुकीच्या कामात त्यांनी अशा सह्या पाहिल्या होत्या. कोणावरच भरवसा नसतो तेव्हा त्या करतात.

पुढचे दिवस त्यांनी खाटेवर, पाय उशीवर ठेवून काढले. तिसऱ्या दिवशी कुबडीचा ठक्‌ठक् आवाज आला आणि सोजराबाई दारात उभ्या राहिल्या. त्या घरी कधी येत नसत, रस्त्यावरूनच बोलत.

“उघडली म्हंते पट्टी?”

“उघडली.”

“अन् उघडाची नव्हती?”

“नव्हती.”

सोजराबाई खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. कुबडी भिंतीला लावली. दयारामांनी पंधरा वर्षे मनात धरलेले विचारून टाकले. “सोजराबाई, तुमची मी तवा उघडली असती, चौथ्या-पाचव्या दिवशी, तं पाय राह्यला असता का?”

“मले काय इचारता? पट्टीवाले तुमी.”

“मले आता काईच सांगता येत नाई. तुमची नाई उघडली, पाय गेला. माही उघडली, तं कातडी गेली. मंग नियम कोनता धरू मी?”

सोजराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. एवढा मोठा माणूस, सरकारी नोकरी केलेला, आणि पोराच्या तोंडावर येतो तसा गोंधळ त्याच्या तोंडावर आलेला. त्या कडवटपणे हसल्या. “पंधरा वर्सं मी तुमाले शिव्या देल्या, का झाकून ठेवली म्हनून. आता तुमीच म्हंता का तुमालेबी ठाव नव्हतं. मंग त्या शिव्या आता कोनाले देऊ? वापस घेऊ?”

“ठेवा. कामी येतीन.”

केसरबाई चहा घेऊन आल्या आणि दोघांकडे आळीपाळीने पाहत उभ्या राहिल्या.

सहाव्या दिवशी पुन्हा वास आला. तोच वास आणि तोच पिवळा डाग, फक्त या वेळी डाग सहीच्या निळ्या वळणाखाली उमटला होता. दयारामांनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर शस्त्रक्रियेत होत्या. उचलणाऱ्या माणसाने फोटो पाठवा म्हटले. बंद पट्टीचा फोटो! दयारामांनी फोन ठेवला. हे मांडवाचे पिवळेपण की सडण्याचे? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, असाच डॉक्टरांच्या सांगण्याचा अर्थ होता. सोजराबाईंच्या वेळी ही गोष्ट बाहेरून ओळखता आली असती का? आली असती तर ती आपल्याला का आली नाही? आणि नसती आली, तर पंधरा वर्षे आपण कशाची शिक्षा भोगली?

हात फळीवरच्या पेटीकडे गेला. तेवढ्यात सोजराबाई आल्या. त्या आता रोज येत असत. कदाचित पट्टीवर नजर ठेवायला, कदाचित शिव्यांचे काय करायचे ते ठरवायला.

“द्या ती पेटी इकडं,” त्या म्हणाल्या.

“वास येऊन राह्यला, सोजराबाई.”

“मलेबी येऊन राह्यला. माह्या टाचेचा असाच होता का?”

दयारामांनी डोळे मिटले आणि आठवायचा प्रयत्न केला. इतक्या वर्षांत तो वास त्यांनी इतक्या वेळा आठवला होता, की मूळचा कोणता आणि आठवणीतला कोणता हे आता सांगता येईना. “नाई ठाव,” ते म्हणाले.

मग त्यांनी आपल्या कामातले जे शिल्लक होते ते वापरले. पट्टीला हात न लावता पंजाची पाठ नडगीवर फिरवली. कातडी गार होती. जांघेत चाचपून पाहिले. अवधाणाची गाठ आलेली नव्हती. जिभेखाली तापमापक धरला, ताप नव्हता. एवढे सगळे झाल्यावरही त्यांना खात्री वाटली नाही. खात्री वाटेपर्यंत थांबायचे तर कात्रीच हातात घ्यावी लागली असती. त्यांनी पेटी उचलून सोजराबाईंच्या मांडीवर ठेवली.

सोजराबाईंनी ती काखेत मारली आणि कुबडी सावरत तीन घरे पलीकडे नेली. ज्याला पाय टेकवायची बंदी आहे, त्याच्यासाठी तीन घरे म्हणजे तीन कोस.

आठव्या दिवशी सही शाबूत होती. डॉक्टरांनी ती पाहिली, मग दयारामांकडे पाहिले, आणि पट्टी सोडली. आत तोच पिवळट, बुळबुळीत थर होता. केसरबाईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी पुसले काहीच नाही. नुसते मिठाचे पाणी धार धरून सोडले आणि वरवरचे सुटे तेवढे वाहून जाऊ दिले. मग मोजपट्टी लावली. जखम मागच्यापेक्षा निम्मी झाली होती.

“बघा,” त्यांनी आरसा धरला. “काय दिसतंय?”

दयारामांनी बराच वेळ पाहिले. “पू दिसते मले,” ते प्रामाणिकपणे म्हणाले.

“आणि ही कड?”

“कड... कड भरत आल्यावानी दिसते.”

“बरोबर.”

“दोन्ही बरोबर कसं असन, मॅडम?”

डॉक्टरांनी नवी पट्टी बांधायला घेतली. अजून महिनाभर यावे लागेल, भार टाकायचा नाही, साखर आवरायची, असे सगळे त्यांनी सांगितले. पाय काढण्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. दयारामांच्या ते उशिरा ध्यानात आले, चिखलीच्या पुढे, बस थांब्यावर उभी असताना. त्यांनी केसरबाईंना सांगितले. केसरबाई म्हणाल्या की त्यांच्या ते दवाखान्यातच ध्यानात आले होते.

गल्लीच्या तोंडाशी सोजराबाई उभ्या होत्या.

“उघडली?”

“तिनं उघडली.”

“काय निंघालं?”

“मले तं पूच दिसला. ती म्हने चांगलं हाये. अर्धी भरली म्हने.”

“मंग हाये का चांगलं?”

“आसन,” दयाराम म्हणाले. केसरबाईंच्या खांद्यावर हात टाकून, उजवा पाय अधांतरी धरून ते उभे होते. निळी सही नव्या पट्टीवर पुन्हा पडली होती.

सोजराबाईंनी वाकून ती सही पाहिली. वाचता येत नसूनही बारकाईने पाहिली. “पेटी आनून देऊ?”

“नको,” दयाराम म्हणाले. “तुमच्यापाशीच राहू द्या.”